‘उतार’ आणि ‘उतार दोन’

३ नोव्हें., सोम.

आज कॉलेजची आठ मुलंमुली ऑफिसात बोलावून त्यांना आमचा नवा गेम ‘उतार दोन’ खेळायला दिला. सगळे म्हणाले, मस्त आहे. टीममधल्या नेहाने वहीत आठ वेळा ‘मस्त’ लिहिलं. पाऊण तासात सगळ्यांचे कंट्रोलर टेबलावर आणि हातात फोन.

मग एका मुलीने विचारलं, "पहिला आहे का इथे?" कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर आहे. ती जाऊन बसली. दहा मिनिटांत बाकीचे सात तिच्या मागे उभे. ती गेममधल्या स्केटबोर्डवरून पडली की सगळे कळवळायचे, मग गप्प व्हायचे, मग "परत, परत".

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. २८ ला गेम बाहेर येतोय.

४ नोव्हें., मंगळ.

दोन्ही लागोपाठ खेळले. एकच जागा, फ्लायओव्हरच्या बाजूचा उतार. दुसऱ्यात ऊन खरं वाटतं. चाकांचा आवाज सिमेंटवर वेगळा, पेव्हर ब्लॉकवर वेगळा. पहिल्यात कुत्रा भिंतीतून आरपार जातो आणि खांबांना सावलीच नाही. पहिला मी आणि माझ्या मित्राने, गिरीशने, दोघांनीच केला, आमच्या बोरिवलीच्या घरी. तो खाली सोसायटीत स्केटबोर्डवरून पडायचा आणि वर येऊन मला सांगायचा कसं पडलो. मी कोड लिहायचे. दुसऱ्याला सहा माणसं, तीन वर्षं.

तरी पहिल्यात त्या उताराच्या तोंडाशी आलं की माझ्या तळहाताला घाम येतो. दुसऱ्यात येत नाही.

का, ते सांगता येत नाही. आयुष्यात दुसरं काही येत नाही मला, आणि हे पण सांगता येत नाही.

६ नोव्हें., गुरु.

बंगळूरहून, गेम बाजारात आणणाऱ्या प्रकाशकांच्या माणसाचा फोन. ट्रेलर आवडला लोकांना. "मॅम, नर्व्हस आहात का?" म्हटलं नाही.

दुपारी नेहाला म्हटलं, पहिला जास्त चांगला आहे. ती चहा ढवळत राहिली. म्हणाली, "वैशाली, आम्हाला कधीपासून माहितीये. तुला कोण सांगणार?"

९ नोव्हें., रवि.

पप्पांना नवीन लावून दिला. गिरणी सुटल्यापासून त्यांनी वॉचमनपासून कुरियरपर्यंत सगळं केलं, आता दुपारी माझा गेम खेळतात. पहिल्याचे तीन उतार त्यांना जमतात. चष्मा लावून, जीभ बाहेर काढून. नवीन वीस मिनिटं खेळले. मग आत गेले. थोड्या वेळाने त्यांच्या खोलीतून जुन्याचा आवाज.

"नवो बरो नाय?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"बरो आसा गो. पण तो आपोआप चलता. माझी गरजच नाय त्याका."

मी जेवले नाही. गिरीशला फोन करावा असं दिवसभर वाटलं. तीन वर्षं बोललो नाही आम्ही. नंबर बदलला असेल तर बरं, असंही वाटलं.

१२ नोव्हें., बुध.

मढला गिरीशच्या घरी जाऊन आले. नीट लिहून ठेवते.

वर्सोव्याहून बोटीने पलीकडे, मग रिक्षा. लॅपटॉप आणि दोन कंट्रोलर बॅगेत. त्याची आई दारात बांबूवर बोंबील वाळत टाकत होती. मला बघून म्हणाली, "आलीस बाय? उशीर केलास." आत बस म्हणाली नाही, पण पाट सरकवला.

गि. मागून आला. दाढी. उजव्या हाताची मधली दोन बोटं नाहीत. मला माहीतच नव्हतं. होडीवर जाळं ओढायच्या विंचमध्ये गेली, गेल्या वर्षी. मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं, डबा कुठे ठेवलाय सांगावं तसं. माझ्या हातात कंट्रोलर होता. कुठे ठेवू तो, कळेना.

"तू खेळ," तो म्हणाला. "मी बघतो."

अर्धा तास खेळले. तो स्क्रीनकडे कमी, माझ्या हाताकडे जास्त बघत होता.

"पडल्यावर काय होतं?"

म्हटलं, लगेच उभा राहतो, तिथेच. लोक पडले की खेळ सोडून देतात असं प्रकाशकांचं म्हणणं होतं, म्हणून पडून राहणं काढलं.

"त्यांनी काढलं?"

"मी काढलं. त्यांनी नुसतं विचारलं होतं."

त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मग म्हणाला, "पहिल्यात पडला की चार सेकंद उठत नाही तो. गुडघा धरून बसतो. आठवतं? तू म्हणालेलीस, दोन कर. मी भांडलो. त्या चार सेकंदांच्या भीतीने लोक उतरायच्या आधी वरून खाली बघतात गं. हा तुझा नवीन कशाला घाबरेल?"

मी म्हटलं, ये परत. लगेच म्हटलं. विचार केला असता तर बोलले नसते.

"आणि येऊन काय, विशेष आभार?"

पहिल्याच्या शेवटी नावं येतात, त्यात गेम माझा आहे आणि तो ‘विशेष आभार’मध्ये चौथा. आम्ही भांडलो तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, तू फक्त पडलास, गेम मी लिहिला. सगळ्या मुलाखतींत ‘मी, मी’ केलं. दुसऱ्यात तर त्याचं नाव कुठेच नाही. हे मला माहीत होतं. रोज माहीत होतं.

सॉरी म्हटलं. त्याने मान हलवली, म्हणजे ऐकलं एवढंच.

आईने निघताना सुके बोंबील बांधून दिले. बोटीत रडू आलं. बाजूच्या बाईने सरकून जागा दिली.

१४ नोव्हें., शुक्र.

पडणं परत घातलं, फक्त एका उतारावर. खेळून बघितलं. तळहात ओले झाले.

पण बाकी सगळे उतार न पडणाऱ्यासाठी बांधलेत. नेहाने हिशेब मांडला: सगळं परत करायला कमीत कमी चार महिने. आता तसंच घातलं तर पहिल्या दोन मिनिटांपुढे कोणी जाणार नाही.

१५ नोव्हें., शनि.

बंगळूरच्या माणसाकडे चार महिने मागितले. तारीख हलणार नाही. आम्ही नाही म्हटलं तर आहे तसा गेम दुसऱ्या टीमकडे जाईल आणि आमचं ऑफिस बंद. आवाज अजिबात चढवला नाही त्याने. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत सांगा म्हणाला.

टीममधल्या पाच जणांना सांगितलं. नेहाने खिडकी लावली, एसी चालू नव्हता तरी. तिचं लग्न आहे जानेवारीत.

पप्पा म्हणाले, "तुका जा खरा वाटता ता कर." खरं दोन्ही वाटतं. पडण्याचं, आणि पाच माणसांच्या नोकऱ्यांचं पण.

१७ नोव्हें., सोम.

सकाळी ‘उतार दोन’च्या नावांत गि. चं नाव सगळ्यात वर टाकलं, माझ्याही वर. फोटो काढून त्याला पाठवला. वाटलं होतं, निदान ह्याने तरी थोडं फिटेल.

अकराला त्याचा फोन.

"नाव काढ वैशू."

"का? तुझंच आहे ते."

"हा माझा नाही. ह्याच्यावर माझं नाव नको. पहिल्यावर लाव."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मागे त्याची आई कुणाला तरी भाव सांगत होती.

काढलं. पहिला उघडला, किती दिवसांनी त्याचा कोड बघितला. ‘वैशाली’च्या जागी ‘गिरीश आणि वैशाली’ केलं आणि अपडेट सोडला. जुना गेम आहे, कोण बघणार. त्याला कळवलं. त्याने वाचलं.

आता साडेपाच. दोन मेल लिहून ठेवलेत, एक हो, एक नाही. नेहा दोनदा दारापर्यंत येऊन गेली. आता तिसऱ्यांदा आलीये, आणि ह्या वेळी उभीच आहे. विचारते, काय ठरलं. तिला म्हटलं, बस जरा, आधी तो पडण्याचा एक उतार खेळून बघ, मग मला सांग, दोनातला कुठला मेल पाठवू.