जागची न हललेली बत्तीस बदकं

बाबा,

उठल्यावर आधी उजव्या डोळ्यात औषध घाला, मग हे वाचा. चीज भरलेली बानित्सा ओव्हनमध्ये गरम ठेवलीय. अख्खी एकट्याने संपवू नका.

मी पहाटेच धरणावर गेले होते. मोजे भिजले म्हणून घरी आले. तुम्ही घोरत होतात, निदान तसं सोंग तरी छान होतं, म्हणून उठवलं नाही. काल म्हणालात ना, ‘पक्षी मोजायला आंधळ्याला कशाला नेतेस?’ तर आता ऐका.

गेल्या जानेवारीत पेन्को काकांनी शिकारीसाठी, खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यात सोडलेली प्लास्टिकची बदकं तुम्ही खरी समजून मोजलीत, तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते. तेव्हापासून तुम्ही दुर्बिणीला हात लावला नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरीही नाही.

आज धुक्यात मी बत्तीस बदकं मोजली. कशी शहाण्यासारखी बसली होती! तेवढ्यात गरुड आला आणि अख्खं तळं आभाळात उडालं. पंखांच्या आवाजाने माझे कान बधिर झाले. माझी बत्तीस मात्र जागची हलली नाहीत. आणि वर पेन्को काका झुडपातून ओरडले, “दाफिना, अगदी बापावर गेलीस गं!”

मी परत तिकडेच निघालेय, तर बूट चढवा आणि धरणावर या. दुर्बीण दाराशी ठेवलीय. तुमची वही माझ्याकडे आहे, त्यात बत्तीसचा आकडा मी पेनाने लिहून बसलेय. पक्षीगणनेची बुर्गासची मंडळी दहाला पोचतील. त्यांच्यादेखत तो तुमच्या हाताने खोडा, आणि मी हसले होते त्याहून मोठ्याने हसा.

दाफिना