टॉवेलांखालची पाकिटं

प्रिय ठमे,

आधी शिव्या, मग खुशाली. मूर्ख कार्टे! हं, आता जरा मोकळं वाटलं. गुडघा बरा आहे. दुसरी पास बाईला एवढं लिहायला तीन दिवस लागलेत, तेव्हा शेवटपर्यंत वाच. तुझ्या त्या पाकिटांसारखं न फोडता ठेवू नकोस.

हो, सापडली मला. तू फोन बंद करून मैत्रिणीकडे जाऊन बसलीस, सलूनची किल्ली माझ्याकडे. टॉवेल धुवावेत म्हणून खालचा खण ओढला, तर सत्तावीस पाकिटं! एकही फोडलेलं नाही. वाचलं नाही म्हणून कर्ज फिटतं का गं? मांजर डोळे मिटतं, पण त्याला निदान दूध तरी मिळतं!

वसुलीवाला आता मला फोन करतो. पहिल्या दिवशी म्हणाला, ए म्हातारे, नातीला बाहेर काढ. रडले मी, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, थांब मेल्या. त्याला बाबा-पुता करत गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी कथा ऐकवली, भूल देणाऱ्या डॉक्टरपासून टाके काढेपर्यंत. मग विचारलं, तुझी आई कशी आहे रे? फोन त्यानंच ठेवला. काय हसले म्हणून सांगू!

मग शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर मंगळवारी एक बाई बसते, कर्जात अडकलेल्यांना फुकट सल्ला देते. गेले पिशवी घेऊन. वाटलं होतं, लाज काढील. तिनं आधी पाणी दिलं, मग एकेक पाकीट फोडून तारखेप्रमाणे लावलं, आणि तासाभरात तुझी चूक काढली. जो जास्त ओरडेल त्याला तू आधी पैसे देत गेलीस. ओरडणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा ओरडण्यापलीकडे काही नसतं, म्हणाली. दुकानाचं भाडं आणि वीज गप्प बसली, म्हणून तीन महिने थकली, आणि दुकान जाईल ते त्यांच्यापायी. आधी ते भरायचं. बाकी सगळ्यांना ती पत्र लिहिणार, झेपेल एवढाच हप्ता मागणार. जुनं फेडायला नवं काढणं आजपासून बंद. आणि त्या वसुलीवाल्याच्या कर्जात माझं नाव कुठेच नाही, तेव्हा मला फोन करायचा त्याला हक्कच नाही म्हणे! मी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

आणि जेवताना पुन्हा संताप आला. इतकं सोपं होतं, तर विचारायला तोंड शिवलं होतं का तुझं? तीन नव्या खुर्च्या आल्या तेव्हा सगळी गल्ली बोलावलीस. बुडायला लागलीस तेव्हा मात्र एकटीच!

आता जे लिहायला बसले ते लिहिते. ढिगाच्या तळाशी दुसऱ्याच एका कर्जाचा कागद निघाला. जामीनदार म्हणून माझं नाव, खाली माझी सही. बाईनं विचारलं, आजी, ही तुमचीच का? मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. चष्मा नाकावर होता गं. अक्षरं येत होती, पण सही कधी जमली नव्हती; धुलाईखान्यात तीस वर्षं मी अंगठा उठवूनच पगार घेतला. तू आठ वर्षांची होतीस, तुला त्याची लाज वाटली, आणि महिनाभर माझा हात धरून तू माझ्याकडून सही गिरवून घेतलीस. खालची ती वळणदार शेपटी तुझीच. म्हणून तर इतकी हुबेहूब जमली तुला! माझं घर गेलं तर जाऊ दे, असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. नाही जाऊ देणार. लोकांच्या चादरी धुऊन घेतलंय ते. मंगळवारी अकराला बाई पुन्हा विचारणार, आणि या वेळी मी खरं सांगणार. सही दुसऱ्या कुणी केली असेल आणि करणाऱ्यानं आपणहून कबूल केलं, तर कर्ज देणाऱ्या कंपनीशी बोलून वाट काढायला बघता येईल, म्हणते ती. म्हणून माझ्याआधी तू सांग, तुझ्या तोंडानं. साडेदहापासून मी खाली जिन्यापाशी उभी असेन. आलीस तर तुझा हात धरून चढेन. नाही आलीस तर कठडा धरून चढेन, पण चढेन.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, तरीही तुझीच,
आजी