घड्याळाचं मागचं झाकण

१० नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी. फक्त अभ्यासाची. भावनिक काहीही लिहायचं नाही.

खोलीत आता मी एकटीच आहे. माझी रूममेट शामला, नर्सिंगला नंबर लागला म्हणून लातूरला गेली. जाताना तिची गादी, आरसा आणि दाराचा पडदा नेला. चांगलंच झालं. एकांतात अभ्यास होतो.

संकल्प : पाचला उठणे. सातला अभ्यासिकेत. राज्यसेवा पूर्व पहिल्या फटक्यात.

(आज आठला उठले. पहिला दिवस धरायचा नसतो.)

१२ नोव्हेंबर

अण्णा बेंबळीहून आले होते. ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी, आणि उपरण्याच्या गाठीत घड्याळ. लग्नात सासऱ्यांनी त्यांना दिलेलं, चावीचं. शेतात धूळ म्हणून त्यांनी ते कधी घातलंच नाही, इतकी वर्षं ट्रंकेत होतं. म्हणाले, घरातली पहिली ग्रॅज्युएट तू, हातात घड्याळ पाहिजे. मोबाईलमध्ये वेळ असते हे मी सांगितलं. त्यांनी ऐकल्यासारखं केलं.

जाताना पायरीवर थांबून म्हणाले, "रोज सकाळी चावी दे बाळ. उपाशी ठिवू नको त्याला."

नंतरची गाडी असूनही त्यांनी आधीचीच धरली. बोलायला फारसं काही नव्हतं.

१३ नोव्हेंबर

आज एक गोष्ट घडली. लिहून ठेवते, भावनिक नाही म्हणून.

चावी दिल्यावर आत नेमकं काय होतं ते बघावं म्हणून नेलकटरच्या टोकानं घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. अंगावर काटा आला. एवढ्याशा जागेत पितळी चाकं, दात्यात दाते, आणि मध्ये मध्ये लाल माणकं. सगळ्यांच्या वर एक बारीक चाक, बॅलन्स व्हील, डावीकडे वळतं, उजवीकडे वळतं, त्याच्या खाली केसाएवढी स्प्रिंग उघडते आणि मिटते. झोपलेल्या लहान बाळाचं पोट बघावं तसं.

यूट्यूबवर समजून घेतलं. मोठ्या स्प्रिंगमध्ये आपण ताकद भरतो. मोकळी सोडली तर ती क्षणात सुटून जाईल. म्हणून एक छोटा आकडा तिला अडवतो, एक दाता सोडतो, पुन्हा अडवतो. टिकटिक म्हणजे त्या अडवण्याचा आवाज. वेळ मोजायची म्हणजे ताकद अडवून अडवून, बेताबेतानं सोडायची. आपण सगळे नुसते काटे बघतो आणि खरं काम पाठीमागे चालू असतं, हे कुणी सांगितलंच नाही मला. बी.एस्सी. फिजिक्स करूनही.

अभ्यास झाला नाही. पण सामान्य विज्ञान अभ्यासक्रमात आहे.

१४ नोव्हेंबर

संकल्प : झाकण दिवसातून एकदाच उघडणे, दोन मिनिटं.

चारदा उघडलं. उजेड प्रत्येक वेळी वेगळा पडतो.

१८ नोव्हेंबर

शोध : घड्याळ स्टीलच्या ताटलीत पालथं ठेवलं तर आवाज खोलीभर होतो. अभ्यासाला लय मिळते. बाकी काही कारण नाही.

शामलाला त्या आवाजाचा व्हॉइस मेसेज पाठवला. तिनं विचारलं, पाल आहे का?

२१ नोव्हेंबर

अभ्यासिकेत मोबाईल बंदी आहे. आत शिरताना तात्यांच्या काउंटरवर खोक्यात ठेवावा लागतो. तात्या एसटीतून क्लार्क म्हणून रिटायर झालेले, शिस्त कडक. भिंतीवरचं घड्याळ दिवाळीच्या साफसफाईत पडलं तेव्हापासून भिंतीवर नुसता खिळा आहे.

आज गुरुप्रसाद माझ्या टेबलाशी आला. पोलीस भरतीची तयारी करतो, वर्षभरात माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. विचारलं, किती वाजले. मी वेळ सांगितली, आणि स्प्रिंग दाता दाता कशी सुटते तेही सांगितलं. पूर्ण ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "मग नक्की किती वाजले?"

जिज्ञासू मुलगा आहे.

२५ नोव्हेंबर

आता अख्खी अभ्यासिका मला वेळ विचारते. पाणी प्यायला उठणारा माझ्या टेबलावरून वळसा घालून जातो. शिवकन्या तर रोज संध्याकाळी येते. येरमाळ्याची, गाडीनं जाऊन येऊन करते. आज म्हणाली, तुझ्या घड्याळावर माझा लई भरवसा आहे बाई.

माझा निष्कर्ष : धाराशिवमध्ये यांत्रिक घड्याळांविषयी प्रचंड कुतूहल आहे. फक्त कुणी जागं केलं नव्हतं. हे काम माझ्याकडे आलंय. मी मागितलं नव्हतं.

२ डिसेंबर

घड्याळ किंचित मागे पडतंय. किंवा मोबाईल पुढे आहे. मोबाईलवर माझा आधीपासूनच विश्वास नाही.

तरी बाजारात दुरुस्तीवाल्याकडे नेलं. पाटीवर घड्याळं, आत मोबाईलची कव्हरं. त्यानं झाकण उघडलं, फुंकर मारली आणि सारखं उघडता काय म्हणून विचारलं, धूळ गेलीय म्हणे. मी म्हणाले, अधूनमधून. ऑइलिंग करणारं आता इथं कोणी नाही, पण आतलं मशीन काढून सेलचं टाकून देतो, बाहेरून तेच दिसेल, कुणाला कळणार नाही, म्हणाला.

मी घड्याळ ओढूनच घेतलं. बाहेरून तेच दिसेल! माणूस दिवसभर हृदयं बदलतो आणि मधे चहा पितो.

ठरवलं : मोबाईल बघून काटे पुढे करायचे नाहीत. ज्या घड्याळात एवढी चाकं प्रामाणिकपणे फिरतायत त्याला दुसऱ्याची वेळ उसनी आणून देणं हा अपमान आहे.

४ डिसेंबर

नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली. "चक्रदर्शन. चावीचं घड्याळ आतून कसं चालतं? बघा आणि समजून घ्या. रविवारी पाच वाजता, मागचा व्हरांडा. अर्पिता." तात्यांनी दोनदा वाचली आणि फी आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनाच वाईट वाटलं.

घरून भिंग आणलं नाही म्हणून कॉलेजच्या लॅबवाल्या मॅडमचं मागून आणलं. खुर्च्या बारा लागतील. पंधरा धराव्यात.

७ डिसेंबर, रविवार

बरोबर पाचला पोचले. व्हरांड्यात कुणी नव्हतं. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडलेल्या, माझ्याच. काल संध्याकाळी मांडून ठेवल्या होत्या.

साडेपाचपर्यंत थांबले. मग तात्या आले. म्हणाले, तिघं येऊन गेले की, पाचला आले होते, बराच वेळ बसले, मग चहाला गेले.

म्हणजे तिघं आले होते. उत्साहात लवकर आले असावेत. पहिल्याच कार्यक्रमाला तीन जण ही लहान गोष्ट नाही.

तात्यांना दाखवू का विचारलं. चष्मा घरी आहे म्हणाले. खुर्च्या मी एकटीनं आत नेल्या. झाकण उघडून थोडा वेळ मीच बघितलं, ऊन तिरपं होतं, माणकं फार सुंदर दिसत होती.

१७ डिसेंबर, सकाळ

काल आनंदाचा दिवस.

शिवकन्येनं संध्याकाळी वेळ विचारली. मी सांगितली. ती आरामात आवरून स्टँडवर गेली तर तिची शेवटची गाडी निघून गेलेली, मग परत अभ्यासिकेतच आली. एसटी आजकाल वेळेआधी सोडतात. वडील येरमाळ्याच्या फाट्यावर मोटारसायकल घेऊन थांबलेले. फोनवर त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. शेवटी मी फोन घेऊन सांगितलं, काका, काळजी करू नका, मी एकटीच असते, माझ्याकडे राहील.

राहिली! दोघींना भाकरी केल्या. एक करपली, ती म्हणाली करपलेली मला आवडते. तिच्या आईचं, वस्तीचं, भावाच्या लग्नाचं बोलत राहिली. भावाला म्हणे आहेरात भिंतीवरची सहा घड्याळं आली, लावायला भिंती नाहीत. मी झाकण उघडून तिच्या पुढ्यात धरलं, बॅटरीचा उजेड पाडून सगळं समजावलं. ऐकता ऐकता तिनं डोळे मिटले. टिकटिक नीट ऐकू यावी म्हणून मीही डोळे मिटते, त्यामुळे मला कळलं. अर्ध्या तासानं घोरायला लागली.

ताटली काढून ठेवली. काल तिची गरज वाटली नाही.

सकाळी पहिल्या गाडीनं गेली. पाहुणीसाठी दुसरी उशी घ्यायला हवी. असं अधूनमधून व्हायला हरकत नाही.

२० डिसेंबर

उशी घेतली.

२९ डिसेंबर

अभ्यासिकेत पोचले तर त्या खिळ्यावर घड्याळ. गुलाबी, कडेला चमचमती टिकली, मध्ये बालाजी, आणि खाली सोनेरी अक्षरात "शुभेच्छुक : महालिंगप्पा आणि परिवार". सेलवर चालणारं. सेकंदकाटा उडत उडत जातो, खाली पायाला चटके बसल्यासारखा. आवाज पोकळ, चाकं प्लास्टिकची.

शिवकन्येनं आणलं होतं. सहातलं एक.

माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "तुला दिवसभर किती जण उठवतात गं. तुझाच अभ्यास बुडतोय म्हणून आणलं."

मी थँक यू म्हणाले. किती बारीक विचार करते माझा.

त्या घड्याळात आणि माझ्यात पंचवीस मिनिटांचा फरक आहे. नवीन वस्तू लावताना लोक काटे नीट जुळवत नाहीत.

३ जानेवारी

आज कुणी वेळ विचारली नाही.

थंडी आहे, तरी डाव्या हाताची स्वेटरची बाही वर करून बसले. नुसती सोय म्हणून.

६ जानेवारी

गुरुप्रसाद टेबलाशी आला. मी झाकण उघडायच्या तयारीत. शेजारची खुर्ची रिकामी आहे का विचारत होता. आहे म्हटलं. घेऊन गेला.

१४ जानेवारी

संक्रांतीला घरी गेले नाही. अभ्यास फार राहिलाय. अण्णांचा फोन आला. घड्याळ चालतंय का विचारलं. मी म्हणाले, अगदी बरोबर. चावी देतेस का? रोज. मी फोन ताटलीजवळ नेला आणि विचारलं, ऐकू येतंय का. ते म्हणाले, "येतंय की. तुज्या खोलीत दुसरा आवाज न्हाय का गं कसला?"

पंखा बंद आहे म्हणून, असं सांगितलं.

२२ जानेवारी

शिवकन्या आता चार वाजताच जाते. संध्याकाळची रिस्क नको, वडील चिडतात म्हणाली. दुसरी उशी कपाटावर ठेवली. जागा जाते.

पाचला उठण्याचा संकल्प सोमवारपासून. आता घड्याळ साधारण किती मागे आहे ते मला माहीत झालंय, त्यामुळे मी मनात हिशोब करते. म्हणजे एका अर्थी ते बरोबरच आहे.

२ फेब्रुवारी

झाकण उघडलं नाही. आठ दिवस झाले असतील. हात जातो, पण धूळ.

९ फेब्रुवारी

आज दुपारी बालाजीचं घड्याळ बंद पडलं.

सेकंदकाटा जागच्या जागी थरथरत होता, हे सगळ्यांच्या आधी मला दिसलं. सांगितलं नाही. मग कुजबुज सुरू झाली. गुरुप्रसादनं स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं, तात्यांनी ड्रॉवरमधला नवा सेल घातला. काटे लावायचे होते. सगळी अभ्यासिका वळून माझ्याकडे बघायला लागली, शिवकन्यासुद्धा. महिन्याभरात पहिल्यांदा. स्वेटरची बाही वरच होती.

तात्या म्हणाले, "अर्पिता, किती वाजलं बघ गं."

मी घड्याळाकडे बघितलं. छान चाललं होतं. पण शिवकन्येची गाडी चारची आहे.

मी म्हणाले, "तात्या, मोबाईलमध्ये बघा."

तात्यांनी खोक्यात हात घातला आणि हाताला लागला तो मोबाईल काढला. माझाच होता. वेळ बघून काटे लावले, मग मोबाईल सगळ्यांना दाखवत म्हणाले, बाकीच्यांचे दिवसभर खोक्यात थरथरतात, हिचा कधी वाजत नाही, अभ्यास करायचा तर असा. काही जण हसले. चेष्टा करत नव्हते ते.

मग माझ्या मनगटाकडे बघून त्यांनी विचारलं, "वेळ मोबाईलातच बघायची, तर हे कशाला बांधलंय?"

"आवाजासाठी," मी म्हणाले.

तात्यांनी मान हलवली आणि पुस्तकं काढा म्हणाले. सगळ्यांनी काढली. मीही काढलं.