सुखना नदीतले डबे आणि सासूबाई

चिकलठाणा,
नळाला पाणी येऊन गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी

ती. सौ. रत्नमालाअक्काच्या पायावर धाकट्या सुकेशनीचं डोकं. दाजींचा खोकला कसाय? वेरूळच्या बोअरला पाणी टिकलंय का? आम्ही खुशाल, म्हणजे आंघोळ झाली त्या दिवशी खुशाल. (हे फोनवरच सांगितलं असतं, पण सासूबाई मोबाईल सोडतील तर ना.)

दुष्काळात मेंढरं विकली अन् सासूबाई आमच्या फ्लॅटात आल्या, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून नुसत्या गॅलरीत. ताटाला हात लावायच्या अन् उठायच्या. बोलणं बंद. डॉक्टर म्हणे, काहीच झालेलं नाय. मला लई काळजी लागली होती.

तर खालच्या मजल्यावरची तनुजा (शेंद्र्याला कंपनीत आहे, पोरगी गुणाची) अन् तिच्या मैत्रिणींनी सुखनेच्या खोऱ्यात लहान लहान डबे लपवलेत. फोन वाट दाखवतो, आपण डबा हुडकायचा, आतली वस्तू घ्यायची, आपली ठेवायची, डबा परत जागेवर. लोकांनी त्या निमित्तानं नदीकाठची पाखरं-जनावरं बघावीत, एवढंच. (बक्षीस नाय. मी विचारलं.) सासूबाईंनी हे ऐकलं अन् कित्येक महिन्यांनी तोंड उघडलं, "नदीत डबे? कशाला?"

रविवारी आम्ही तिघी निघालो. फोन म्हणे डावीकडं, सासूबाई म्हणे उजवीकडं. "मी मेंढरं पाजलीत ह्या नदीत. तुझ्या फोनानं पाजलीत का?" गेलो उजवीकडं. सासूबाई तरातरा एका नव्या सोसायटीच्या पत्र्याच्या कुंपणातून आत शिरल्या, म्हणाल्या, इथं ओढा आहे. तिथं पोहण्याचा तलाव होता. कोरडा, आत सिमेंटच्या गोण्या. वॉचमन पळत आला, "अम्मा, किधर?" "नदीला." "नदी तो उधर है." सासूबाई मटकन खाली बसल्या अन् मलाच विचारलं, "ओढा कुठं गेला गं?" (जसा काय मीच उचलून ठेवलाय.) पण अक्का, तेव्हा हसू आलं नाय.

मग मुकाट फोनामागं चालल्या. पात्रात सगळे गोटेच. कपारीतल्या डब्याला मी हात घालणार, तोच सासूबाईंनी माझी मान धरून खाली दाबली. मला वाटलं, साप! पण समोरच्या डबक्यावर रोही पाणी पीत होती, नीलगाय गं, अन् मागं तिचं पिल्लू. पिल्लानं पाण्यात पाय घातला, दचकून काढला, पुन्हा घातला. आम्ही तिघी श्वास धरून. ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हे डबकं आटल्यावर ह्यांनी कुठं जायचं?"

दुसऱ्या दिवशी त्या थेट आमच्या बिल्डिंगीला पाणी आणणाऱ्या टँकरपुढं उभ्या राहिल्या. परतताना टाकीच्या तळाला उरलेलं पाणी नदीवर रोहीसाठी ओतीन, असं बद्रीनाथ ड्रायव्हरनं कबूल केलं तेव्हाच बाजूला झाल्या. घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या, अन् पुढचा डबा हुडकायला माझा मोबाईल घेतला तो घेतलाच.

दाजींना नमस्कार सांग.

तुझी,
सुकेशनी

ता.क. पाणी ओतायचं कशात, हा प्रश्न आहे. तुझ्या गोठ्यातली म्हशींना पाणी पाजायची लोखंडी डोणी मिळंल का? त्यांना तशी ती मोठीच होते.

ता.क. आणखी एक. सासूबाई आज सकाळीच वेरूळच्या एसटीत बसल्या. हे पत्र मिळंल तेव्हा डोणी गेलेली असंल. म्हशींचं बघ काहीतरी.