बलक कुठं गेला

११ मार्च, सोमवार

नव्वद अंडी! अन् एकही फुटलेलं चालणार नाई.

वैभवी दुपारी आली, दारातूनच म्हणे, "अफ्रीन, तुही नोकरी आणली मी." तिच्या कॉन्व्हेंट शाळेत जूनपासून हस्तकलेच्या बाईची जागा निघाली. शाळेच्या मुख्य सिस्टरले ईस्टरसाठी सजवलेली अंडी पाह्यजेत, वाळल्या फांदीले टांगायले. काम आवडलं तर ते करणारीलेच जागा. वैभवी तिथं लहान गटाले शिकवते, पण कोण्या बाईच्या बाळंतपणाच्या सुट्टीवर. एप्रिल संपला की ती घरी. म्हटलं, मग तूच काहून नाई घेत जागा? म्हणे, "मले सरळ रेघ तरी मारता येते काय? अन् घरात अंडं नेलं तर सासूबाई अंड्यासंग मलेही बाहेर फेकतीन."

खरं हाये. तिचं सासर माळकरी, कांदा-लसूण पण मोजून मापून. अन् आमचं दुकानच अंड्याचं. सिस्टरच्या होस्टेलले अंडी अब्बाच पोचवतात.

चार वर्षं झाली चित्रकलेची पदविका घेऊन. तेव्हापासून नवरींच्या हातावर मेहंदी काढून राह्यली. अब्बा नाई म्हणतीन, याची खात्री होती. जेवताना भीत भीत विचारलं. "कर बेटा, कर." एवढंच. मले विश्वासच बसंना.

(अब्बा उर्दू शाळेत शिकले. मराठी अक्षर त्यायले लागत नाई. ही वही उशाशी उघडी राह्यली तरी भेव नाई.)

उद्यापासून रोजे.

१३ मार्च

अंड्याच्या दोन्ही टोकाले टाचणीनं भोक पाडायचं, आत सुई फिरवून बलक मोडायचा, अन् एका भोकातून फुंक मारायची. दुसऱ्यातून सगळं वाटीत पडते. वैभवीनं मोबाईलवर दाखवलं. पण माहा रोजा! कच्चं ओठाले लागलं, गिळल्या गेलं तर? अम्मी म्हणे, झंझटच नको. मग मेडिकलातून सिरिंज आणली. हवा भरून दाबली की काम होते. अकरा झाली, चार फुटली.

आतलं फेकवत नाई. पहाटे सहरीले भुर्जी, सांजच्या इफ्तारले ऑम्लेट. धाकटा भाऊ अशफाक ताट पाहून म्हणे, "बाजी, ईद तक मैं खुद अंडा देने लगूंगा."

१६ मार्च, शनिवार

वैभवी शाळा सुटली की सरळ इकडंच येते. ती भोकं पाडते, धुते, व्हिनेगर लावून पुसते. मी मेहंदीचा कोन घेऊन बसते. सुकली की खरवडायची, खाली पांढऱ्यावर लालसर वेल उरते. तेलाचं बोट फिरवलं की चमकते.

आज ती वाटीकडं पाहत बसली. म्हणे, "रोज एवढं पाहून राह्यली, चव तरी कशी असते वो?" माहा रोजा, तरी तिच्यासाठी कांदा चिरला, भुर्जी परतली. मीठ चाखता येत नव्हतं, अंदाजानंच टाकलं. दोन पाव पुसून खाल्ले पोरीनं. मग साबणानं तोंड धुतलं, मूठभर बडीशोप चावली. "माह्या सासूले, सोजरबाईले कळलं तर जित्तेपणीच माहं तेरावं घालतीन." इतक्या हसलो की हातातलं एक फुटलं.

२० मार्च

वैभवी आता रोज खाते. मागून खाते. "आज जरा तिखट कर."

आज मी गंमतच केली. नवरीचे हात काढायची सवय, तर पहिल्या तीस अंड्यांवर वेलीत एक जागा कोरी सुटली. तिथं आमी नवरदेवाचं नाव लपवतो. वैभवीनं पाह्यलं. "अंड्याचा नवरदेव कोण वो, कोंबडा?" कोरं तर सोडता येत नव्हतं. मग त्या जागेत माहंच नाव टाकलं, उर्दूत, मुंगीएवढं.

२५ मार्च, धुळवड

बाहेर रंग चालू. मेहंदीची साठ झाली होती, उरलेली तीस पळसाची फुलं उकळून रंगवली. काय पिवळं आलंय! काडेपेटीच्या अर्ध्या काडीले दोरा बांधून आत सरकवला की काडी आडवी अडकते, अंडं टांगता येते. बोटं फुटली व्हिनेगरनं. पण मले आता शाळाच दिसते. फळा, खडू, पोरी.

अब्बा म्हणाले, "धूप में मत जाना. होस्टेल के ट्रे के साथ मैं ही पहुंचा दूंगा." इतकं कधी करत नाईत ते माह्यासाठी. डोळ्यात पाणी आलं.

२८ मार्च

गेली सगळी. एकही फुटलं नाई.

३१ मार्च, रविवार

शाळेच्या ग्रुपवरचा फोटो अशफाकनं दाखवला. फांदीले माही नव्वद अंडी. खाली पाटी: "हस्तकला – सौ. वैभवी मॅडम." अन् सिस्टरचा मेसेज, की जूनपासून हस्तकला वैभवी मॅडमच घेतील. खाली टाळ्याच टाळ्या.

सरळ रेघ येत नाई तिले! तीस अंड्यांवर माहं नाव हाये, अन् त्या शाळेत ते वाचणारं कोणी नाई.

तिले फोन लावला. तीनदा कट केला. चौथ्यांदा उचलला अन् म्हणे, "अफ्रीन, तू आधी तुह्या घरी विचार." माह्या घरी काय विचारू? चोरी तुही, अन् घर माहं? फोन ठेवून दिला. पाचवीपासून एका बाकावर बसलेली ही पोरगी. हिच्यासाठी मी रोज्यात कांदा परतला.

१ एप्रिल, सोमवार

गेली तिच्या घरी. सोजरबाई अंगणात गहू निवडत बसल्या होत्या. वैभवी आतून आली, चेहरा उतरलेला. "अफ्रीन, आत ये, बोलू." मी आत गेली नाई. सोजरबाई कौतुकानं म्हणाल्या, "आमच्या सूनबाईले शाळेत कायमचं घेतलं म्हणे. अंड्याले हात लावा लागला, पण लेकरायसाठी. तोंडात मात्र या घरात कोणी घातलं नाई."

म्हटलं, "मावशी, नव्वद अंडी रिकामी केली. मग बलक कुठं गेला? इचारा तुमच्या सुनेले. तिखट भुर्जी आवडते तिले."

सोजरबाईच्या हातातलं सूप खाली गेलं. वैभवी खाली बसून सांडलेले गहू वेचू लागली.

घरी येईपर्यंत छातीत थंड वाटत होतं. बरं झालं. तिलेही कळू दे, भरवशाच्या माणसानं गळा कापला की कसं लागते.

२ एप्रिल

अम्मी म्हणते, रोज्यात चुगली केली की मग रोजा कायचा, नुसती उपासमार. मले पस्तावा नाई.

जरासाही नाई.

४ एप्रिल, गुरुवार

अब्बाले ताप, म्हणून होस्टेलची अंडी मी नेली. सिस्टर मले पाहून म्हणाल्या, "लग्न ठरलं ना तुझं?" म्हटलं, कायचं लग्न? मले तर पाहायलेही कोणी आलं नाई. त्या म्हणाल्या, "तुझे अब्बाच सांगून गेले, अंडी द्यायला आले तेव्हा. म्हणाले, तिचं नाव लावू नका, ती नोकरी करणार नाही. वैभवी दोनदा भांडून गेली माझ्याशी, की अफ्रीनला स्वतः विचारा. शेवटी मीच पाटीवर वैभवीचं नाव लावलं." मग म्हणाल्या, वैभवीनं काल कळवलं, घरचे तिला उंबऱ्याबाहेर पाठवत नाहीत.

"तुझं लग्न नसेल लगेच, तर तिच्या जागी तू येशील का?"