पाठीशी की पाठी

सोमवार, ३
सरकार उलथलं म्हणे! कर्नलने पहाटे रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं आणि बातम्या वाचायला मला घरून जीपमध्ये घालून आणलं. केससुद्धा विंचरू दिले नाहीत. मी विचारलं, लोकांचं काय? तर म्हणतो, "लोकांचं काय? रणगाडे आहेत. लोक दूध आणायला जातील." मग माझ्याकडून वाचून कशाला घेतोस बाबा? — हे अर्थात मनात.

आमचा धाकटा भाऊ त्याच्याच पलटणीत. पुलावर उभा केलाय. माणसं आली तर गोळी घालायची. आईच्या घशाखाली घास उतरत नाही.

मंगळवार, ४
मेले मी! दर तासाला तेच निवेदन — "जनता आमच्या पाठीशी आहे." दुपारी समोर बंदूकवाला, डोक्यात धाकटा. आणि तोंडातून निघून गेलं, "जनता आमच्या पाठी लागली आहे." काचेपलीकडचा तंत्रज्ञ पेन शोधायच्या मिषाने टेबलाखाली गेला, तो वर येईचना.

मला टेपांच्या खोलीत कोंडलंय. रडतेय, आणि मध्येच हसू फुटतंय.

बुधवार, ५
खिडकीबाहेर तुफान गर्दी. कुणीतरी ओरडतंय, "आलो हो, पाठी लागलो!"

गुरुवार, ६
घरी! धाकटाही घरी!

पुलावर माणसं आली, सगळ्यांच्या पुढे आमच्या मातोश्री. शेजारच्या भाजीवालीने पोरांना विचारलं, "काय रे, लागू का पाठी?" धाकटा फिसकन हसला. मग त्याच्या बाजूचा, मग अख्खी रांग. कर्नल गोळीचा हुकूम देत राहिला. धाकटा म्हणतो, "ताई, हसताना नेम कसला धरायचा? आणि समोर आई." आईने त्याला कान धरून घरी आणलं, गणवेशासकट.

रणगाडे होते की. पण आत बसलेली पोरं कुणाची? एवढं साधं त्या शहाण्याला कळू नये! दुधाच्या गाडीत लपून पळाला म्हणतात. खरं असो वा नसो, मला फार आवडलं.

सोमवार, १०
जुनं सरकार परत आलं. आमच्या केंद्राचे साहेब निवेदन घेऊन आले. पहिलंच वाक्य — "जनता आमच्या पाठीशी आहे."

कागद परत दिला. म्हटलं, "साहेब, खाली रस्त्यावर जाऊन विचारून या. मग वाचते."

साहेब गेलेत विचारायला.