वाघाच्या वर्षी जन्मलेल्यांनी पाठ फिरवावी

ताइनान,
१४ मार्च २०१९

प्रिय दादा,

तुझा फोन आल्यापासून लिहीन लिहीन म्हणतेय. फोनवर मला बोलणं जमत नाही. तू बोलतोस आणि मी होला हो करते, लहानपणापासूनची खोड. म्हणून कागद घेतला. शाळेत सिस्टर ऊना सांगायच्या, रागावून लिहायचं असेल तर अक्षर सुवाच्य काढा, म्हणजे समोरच्याला वाचायला सोपं जातं.

वहिनीचा गुडघा कसा आहे? मागच्या अंगणातला आंबा यंदा इतका मोहरलाय की घरभर वास येतो. मी अजून रोज सकाळी शाळेच्या प्रार्थनाघरात फुलं ठेवायला जाते. सिस्टर्स आता दोघीच उरल्यात, आणि दोघींनाही कमी ऐकू येतं. आम्ही तिघी मिळून मोठमोठ्याने कुजबुजतो. तुझ्यासाठी सुकवलेल्या मुळ्याची बरणी भरून ठेवली आहे. ड्रायव्हर इकडे आला तर घेऊन जाऊ दे.

तू मला दोन कामं सांगितली होतीस. दोन्हींबद्दल लिहिते.

पहिलं काम, जू-यीनला समजावण्याचं. तुझे शब्द माझ्या कानात आहेत. "पोरीला शिकायला आयर्लंडला धाडली, आणि ती तिथे बसून मढी उकरतेय. कारखान्यात लोक विचारतात, मुलगी काय करते. काय सांगू?"

"इतिहास शिकते म्हणून सांग," मी म्हटलं.

"कसला इतिहास? कोणी कोणाला कुठे पुरलं याचा? तिने फोनवर विषय काढला की वहिनी तुझी दारात मीठ टाकते. हे तूच भरवलंस तिच्या डोक्यात. तुझ्या त्या कॉन्व्हेंटची भुतं." आणि मग नववर्षाच्या जेवणाला पंधरा माणसांदेखत जे म्हणाला होतास ते पुन्हा म्हणालास, "तुम्ही दोघी आत्या-भाची बिनलग्नाच्या. आपापली सोय बघून ठेवा. डोंगरावरची कबरीची जागा वंशाची आहे."

त्या दिवशी जेवताना सगळे हसले होते. मीही हसले. माझ्या ताटात तू माशाचा गाल वाढलास, सगळ्यात चांगला तुकडा. तू नेहमी असंच करतोस, दादा. आधी चापट, मग माशाचा गाल.

तर मी जू-यीनला पत्र लिहिलं आणि विचारलं, बाई गं, तू नक्की काय शिकतेस ते मला सांग. तिचं लांबलचक उत्तर आलं. तिथे पूर्वी बाप्तिस्मा होण्याआधी जी बाळं जात, त्यांना चर्चच्या आवारात जागा नसे. बाप रात्री ते गाठोडं काखेत घेऊन जाई आणि शेताच्या बांधावर, दोन मालकांच्या हद्दींच्या मधोमध पुरून येई. वर एक बिननावाचा दगड. ती अशा बांधांवरून चिखलाचे बूट घालून हिंडते. म्हाताऱ्या बायका तिला चहा देतात आणि दार लावून घेऊन सांगतात, त्या तिसऱ्या दगडाखाली माझा भाऊ आहे. काही आया फार धीट होत्या म्हणे. गावात कोणी मोठं माणूस वारलं की रात्री शवपेटीत त्याच्या पायाशी आपलं बाळ ठेवून देत. पाद्री वरून मंत्र म्हणे, आणि बाळ आपलं गुपचूप पवित्र जमिनीत जाई.

हे मी दोनदा वाचलं. मग चहा केला आणि तो प्यायचा राहून गेला.

पत्राच्या शेवटी तिने विचारलं होतं, "आत्या, आपल्याकडे लग्नाआधी गेलेल्या मुलींनाही घरात जागा नसायची ना? आपल्या घरात होतं का असं कोणी? मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, मला एकच बहीण, तुझी ल्येन आत्या."

एकच बहीण.

दादा, तुला कदाचित आठवत नसेल, म्हणून लिहिते. आपल्याला ग्योकताई नावाची एक बहीण होती. तुझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बाबा गेल्यावर ती शाळा सोडून छत्र्यांच्या कारखान्यात लागली. तिच्या बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते. तू तंत्रशाळेत गेलास आणि मी कॉन्व्हेंटमध्ये, ते त्या बोटांवर. सुट्टीला घरी आली की ती माझी वही उघडायची, इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "किती गोल गोल काढतेस गं, डंपलिंगसारखी." तुला मात्र ती साहेब म्हणायची. "साहेब, जेवायला चला."

तिला ताप भरला तेव्हा तुझी सोयरीक ठरत होती. कारखान्याच्या दवाखान्याने सांगितलं, घरी न्या. तू आणलीस, पण दारातून आत घेतली नाहीस. आई म्हणाली, "रात्रीपुरती तरी मधल्या खोलीत निजू दे तिला." तू म्हणालास, "बिनलग्नाची मुलगी घरात मेली तर पूर्वजांना तोंड दाखवायला जागा राहील का? आणि उद्या मुलीकडचे येणार आहेत." तेव्हा तू घरातला पुरुष होतास. एकवीस वर्षांचा घरातला पुरुष.

ती डुकरांच्या गोठ्याशेजारच्या अवजारांच्या खोपटात गेली. मी शेवटपर्यंत तिच्याजवळ होते. बाहेर हसण्याचा आवाज आला तेव्हा तिने विचारलं, "पाहुणे आले का? साहेबाने चांगला शर्ट घातलाय ना?"

हे मी जू-यीनला लिहिलं. शर्टाचं सुद्धा.

तिला गावाच्या स्मशानाच्या अगदी कडेला पुरलं, पातळ फळ्यांच्या पेटीत. घरात पूर्वजांशेजारी तिच्या नावाची पाटी नाही, धूप नाही, चिंगमिंगला, पितरांच्या सणाला, कबर साफ करायला कोणी नाही. मी एकदा गेले तर तू म्हणालास, "मोठ्यांनी धाकट्या मुलींची कबर झाडायची नसते. नसतं खूळ घरात आणू नकोस." ती माझ्याहून मोठी होती, हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं.

पुढे तिथे बाग करायचं ठरलं आणि नगरपालिकेने कळवलं की ज्यांचं कोणी आहे त्यांनी अस्थी काढून न्याव्यात. राहतील त्या एका खड्ड्यात. तू म्हणालास, "राहू दे." मी राहू दिलं नाही. अस्थी वेचणाऱ्या ओंगकाकांना घेऊन गेले आणि ताईला बाहेर काढलं. ओली जमीन, पातळ पेटी, फार काही उरलं नव्हतं. जे होतं ते कापडात बांधून मी शाळेत नेलं. सिस्टर ऊनांनी काही विचारलं नाही. प्रार्थनाघरामागच्या खोलीत, मेणबत्त्यांच्या खोक्यांशेजारी त्यांनी फडताळ रिकामं करून दिलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. त्या आयर्लंडच्याच होत्या. त्यांनाही असा एखादा बांध ठाऊक असेल, हे मला जू-यीनचं पत्र वाचेपर्यंत सुचलं नव्हतं.

मला रोज वाटायचं की दादाचं काहीतरी वाईट व्हावं. प्रार्थनेत गुडघे टेकून वाटायचं. मोठं काही नाही, निदान एकदा तुला कोणीतरी दाराबाहेर ठेवावं. पण तुझं चांगलंच होत गेलं.

आता आईचं लिहिते. शेवटच्या आजारपणात ती माझ्याकडे होती. तिला फडताळाचं माहीत होतं. एकदा मी तिचे केस विंचरत होते तेव्हा म्हणाली, "माझ्या अस्थी काढाल तेव्हा तिला माझ्यात घाल. मला काही ऐसपैस जागा नको. मांडीवर घेऊन बसेन."

"आणि दादा?"

"त्याला कशाला सांगायचं? त्याला विचारून विचारून तर ती खोपटात गेली."

मग आई गेल्यावर काही वर्षांनी, रीतीप्रमाणे, तिच्या अस्थी जमिनीतून वेचून घटात बसवण्याचा दिवस आला. आठवतो ना? तू डोंगरावर नवी कबर बांधली होतीस, आई-बाबांना एकत्र ठेवायला. दिशा पाहणाऱ्या सू मास्तरांनी दिवस काढून दिला आणि बजावलं, आजच्या दिवसाशी वाघाचं आणि माकडाचं वैर आहे, त्या वर्षी जन्मलेल्यांनी पेटी उघडल्यापासून घट बंद होईपर्यंत पाठ फिरवून दूर उभं राहावं, नाहीतर अरिष्ट. तू वाघ, वहिनी माकड. दोघं पलीकडच्या बांबूंकडे तोंड करून उभे राहिलात. मी घोड्याच्या वर्षातली. माझं कोणाशी वैर नव्हतं, निदान पंचांगात तरी. तेव्हा अस्थींवर ऊन पडू नये म्हणून काळी छत्री धरायचं काम माझ्याकडे आलं. ती छत्री ताईने शिवलेली होती, एक टाका चुकला म्हणून कारखान्याने तिला देऊन टाकलेली.

ओंगकाकांनी आईला घटात बसवलं, खाली पावलं, मग गुडघे, मग पाठीचा कणा, जिवंत माणूस बसतं तसं. मी माझ्या पिशवीतलं कापड त्यांच्यापुढे केलं. त्यांनी ओळखलं. मान वर न करता पुटपुटले, "मावेल का हो बाई?"

"हडकुळी होती ती," मी म्हटलं.

"मग मावेल. माझ्या बायकोची ट्रंक पाहिलीत का तुम्ही? न मावणारं असं काही नसतंच."

तू तिकडून ओरडलास, "झालं का?"

"थांबा साहेब," ओंगकाका म्हणाले, "आई नीट बसतेय."

आणि ताई आईच्या मांडीवर बसली. ओंगकाकांनी वर आईची कवटी ठेवली, झाकण लावलं, तेव्हा तुला हाक मारली. तू वळलास आणि सगळ्यात आधी साष्टांग दंडवत घातलास, कपाळ मातीला लावून. मी छत्री मिटली. इतका आनंद मला आयुष्यात दुसऱ्या कशाने झाला नाही, दादा. मी प्रार्थनाघरात जाऊन क्षमासुद्धा मागितली नाही.

तेव्हापासून दर चिंगमिंगला तू तिच्या पाया पडतोस. मुलांना पाया पडायला लावतोस. कारखाना दुप्पट झाला, मुलगे झाले, नातू झाले, आणि तू येणाऱ्याजाणाऱ्याला डोंगर दाखवून सांगतोस, ही सगळी त्या जागेची पुण्याई, आईबाबांचा हात आहे डोक्यावर. हात आहे खरा. पण त्याला सुया टोचलेल्या आहेत.

आता तुला वाटेल, घट उघडून तिला बाहेर काढावं. काढ. पण सू मास्तर मरताना काय सांगून गेले ते तुलाच पाठ आहे: जागा लाभली आहे, अस्थींना कधी धक्का लावू नका, लावलात तर नशीब मुळापासून फिरेल. आणि तिची हाडं कोणती, आईची कोणती, हे सांगू शकणारे ओंगकाकाही आता नाहीत. मला विचारशील तर मी होला हो करीन.

राहिलं दुसरं काम. डोंगरावरच्या कबरीच्या नव्या शिळेचा मजकूर. "तू मास्तरीण आहेस, अक्षरं तपास आणि कारागिराला देऊन टाक, मला वेळ नाही," म्हणालास. तपासला. एक चूक सापडली, ती दुरुस्त केली. आईच्या नावाशेजारी आता लिहिलंय, 'थोरली कन्या ग्योक, आईजवळ'. कारागिराने विचारलं, मुलीचं नाव घालायचं? मी म्हटलं, घराच्या थोरल्या मुलाने माझ्यावर सोपवलंय. खोटं नव्हतं ते.

शिळा बसवण्याचा दिवस काढायला मी सू मास्तरांच्या मुलाकडे गेले. त्याने तीन दिवस दाखवले. त्यातला एक वाघाच्या वैराचा होता. मी तोच घेतला. म्हणून तर तुला निरोप आला की त्या दिवशी घराबाहेर पडू नकोस, आणि तू गुणी मुलासारखा पडला नाहीस. दादा, तू दोनदा पाठ फिरवलीस. दुसऱ्या वेळी मी तुला फिरवायला लावली.

शिळा आता बसली आहे. वर लाल कापड बांधलंय. ते चिंगमिंगला आपल्या को घराण्याच्या सगळ्या मंडळींदेखत, गावच्या अध्यक्षांदेखत निघायचं आहे, आणि थोरल्या मुलाच्याच हाताने निघायचं असतं. शिळा फोडलीस तर लोक विचारतील का फोडली. नाही फोडलीस तर विचारतील ग्योक कोण. दोन्हींची उत्तरं तुझ्याकडेच आहेत.

जू-यीन चिंगमिंगला येतेय. तिकीट काढलं. मी तिला समजावलं, तू सांगितल्याप्रमाणे. मी म्हटलं, तुझा अभ्यास सोडू नकोस, पण बांधावरच्या दगडांना नावं कशी लावतात ते एकदा घरी येऊन बघ. ती माझ्याकडे उतरेल. मी कणकेच्या पोळ्या आणि शेंगदाण्याचा कूट करून आणीन. कुटात साखर जास्त घालीन, ताईला आवडायची तशी. तुला गोड चालत नाही हे मला माहीत आहे, पण त्या दिवशी सगळ्यांबरोबर तूही खा.

पंचांग मी पाहिलं. त्या दिवशी वाघाचं कोणाशी वैर नाही. तेव्हा समोर उभा राहा, कापड काढ, पहिला धूप लाव. ऊन असेल तर मी छत्री धरीन.

चांगला शर्ट घालून ये.

तुझी धाकटी बहीण
ल्येन,
आणि थोरलीच्या वतीनेही